दुसरी वाट खरोखर दुसरी आहे का?



बँकेतली शिल्लक, सातबाऱ्याचा उतारा, रुग्णालयातला तपासणी अहवाल, विद्यापीठाची गुणपत्रिका हे सगळे आज कुठल्या ना कुठल्या डेटा सेंटरमधल्या डिस्कवर लिहिलेले असते. ती डिस्क जपण्यासाठी काय करावे, याची चर्चा पुष्कळ होते. बॅकअप घेतला का, प्रती किती ठेवल्या, हे प्रश्न आता तंत्रज्ञ नसलेली माणसेही विचारतात. पण डिस्क धडधाकट आहे, तिच्यावरची नोंद शाबूत आहे आणि तरीही ती कुणालाच वाचता येत नाही, अशीही वेळ येते. डिस्क आणि तिच्याकडे माहिती मागणारा सर्व्हर यांच्यामध्ये कार्ड, केबल, स्विच, कंट्रोलर अशी एक लांबलचक वाट असते. ती तुटली की डिस्क असून नसल्यासारखी. म्हणून ही वाट दुहेरी ठेवण्याचा प्रघात आहे. मला आज जे मांडायचे आहे ते असे : दुहेरी वाटेचे मोल वाटा किती आहेत यावर ठरत नाही, त्या वाटांमध्ये सामायिक काय उरले आहे यावर ठरते. आणि जी वाट कधी चालून पाहिलेली नाही, ती हिशेबात धरता येत नाही. हे तत्त्व तंत्रज्ञांना पाठ असते, पण खरेदी, देखभाल आणि कारभार यांच्या हाती गेल्यावर ते हरवते. ते हरवू नये, याची जबाबदारी तंत्रज्ञांइतकीच संस्था चालवणाऱ्यांचीही आहे.

प्रथम ही वाट जवळून पाहू. एखाद्या मोठ्या बँकेच्या सर्व्हरमध्ये स्टोरेजशी बोलणारी दोन कार्डे बसवलेली असतात. पहिल्या कार्डाची केबल एका स्विचकडे जाते, दुसऱ्याची दुसऱ्या स्विचकडे. हे दोन स्विच मुद्दामच एकमेकांना जोडत नाहीत. एकाच्या सेटिंगमध्ये झालेली चूक दुसऱ्यात पसरू नये, हा त्यामागचा विचार. या क्षेत्रातली माणसे त्यांना फॅब्रिक ए आणि फॅब्रिक बी म्हणतात. प्रत्येक स्विचमधून केबल निघतात त्या स्टोरेज अ‍ॅरेच्या, म्हणजे डिस्कच्या साठ्याच्या, कारभार पाहणाऱ्या दोन्ही कंट्रोलरना जाऊन मिळतात. म्हणजे सर्व्हरला एकच साठा चार वाटांनी दिसतो. गंमतीचा नव्हे, धोक्याचा भाग असा की सर्व्हरला ते आपोआप कळत नाही. लिनक्सला त्या चार वेगळ्या डिस्क वाटतात आणि तो त्यांना एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई अशी चार नावे देऊन मोकळा होतो. मल्टिपाथ नावाची प्रणाली मग प्रत्येकीचा ओळखक्रमांक वाचते, चारही ठिकाणी तोच क्रमांक सापडला की त्यांची एकच डिस्क म्हणून मोट बांधते, आणि एक वाट बंद पडली तर काम दुसरीवर वळवते. ही प्रणाली नीट बसवली नसेल तर केबल चार असूनही उपयोग एकीचाच होतो. त्याहून वाईट म्हणजे एकाच डिस्कला दोन वेगळ्या डिस्क समजून दोनदा वापरात घेतले तर त्यावरच्या नोंदीच बिघडतात.

कंट्रोलरच्या मागे काय असते, तेही पाहू. डिस्क ज्या लोखंडी खोक्यात बसतात त्याला शेल्फ म्हणतात. जेमतेम साडेतीन इंच उंचीच्या एका शेल्फमध्ये लहान आकाराच्या 24 डिस्क उभ्या मावतात. शेल्फच्या पाठीमागे डिस्कना कंट्रोलरशी जोडणारी दोन मॉड्यूल असतात आणि दोन पॉवर सप्लाय. सॅस जातीच्या डिस्कला एकाच सॉकेटमध्ये दोन पोर्ट असतात. एक पोर्ट पहिल्या मॉड्यूलशी बोलतो, दुसरा दुसऱ्याशी. साटा जातीच्या स्वस्त डिस्कला पोर्ट एकच असतो. तिला दुसरी वाट द्यायची तर मध्ये एक छोटे जोडकार्ड लावावे लागते. शेल्फ एकाखाली एक साखळीत जोडतात, आणि या जोडणीतच खरी अक्कल दिसते. दोन्ही कंट्रोलरच्या केबल वरच्याच शेल्फपासून सुरू केल्या, तर मधला एक शेल्फ बंद पडताच त्याच्या खालचे सगळे शेल्फ दोन्हीकडून तुटतात. म्हणून जाणता माणूस पहिल्या कंट्रोलरची साखळी वरून खाली नेतो आणि दुसऱ्याची खालून वर. मग मधला शेल्फ गेला तरी वरचे पहिल्या बाजूने आणि खालचे दुसऱ्या बाजूने पोहोचण्याजोगे राहतात. दोन्ही जोडण्यांत केबल तितक्याच, खर्चही तोच. खरेदीच्या बिलावर त्या दोहोंत काहीही फरक दिसत नाही.

दुहेरी वाटेची कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या टॅन्डम कंपनीने 1976 मध्ये ‘नॉनस्टॉप’ हा संगणक बाजारात आणला. त्यात प्रत्येक कंट्रोलर दोन प्रोसेसरना आणि प्रत्येक डिस्क दोन कंट्रोलरना जोडलेली असे. कोणताही एक भाग गेला तरी बँकेचा व्यवहार चालू राहावा, हे त्यामागचे उद्दिष्ट होते. पुढे 1988 मध्ये बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेड या पद्धतीवरचा प्रसिद्ध निबंध लिहिला. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या, जादा माहिती लिहून ठेवायची आणि एखादी डिस्क मेली तरी बाकीच्यांवरून तिची माहिती पुन्हा उभी करायची, ही ती पद्धत. रेडचे यश इतके मोठे होते की त्यातून एक समज रुजला : स्टोरेजचा बिघाड म्हणजे डिस्कचा बिघाड, आणि डिस्कची तजवीज केली की काम झाले.

हा समज कितपत खरा, हे आकड्यांवरून तपासता येते. 2008 मध्ये इलिनॉय विद्यापीठ आणि नेटअ‍ॅप कंपनी इथल्या संशोधकांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे 39,000 स्टोरेज यंत्रणा, त्यांतल्या सुमारे 18 लाख डिस्क आणि 44 महिन्यांच्या नोंदी एवढा तिचा आवाका होता. स्टोरेजमधल्या एकूण बिघाडांपैकी डिस्कचा वाटा यंत्रणेच्या प्रकारानुसार 20 ते 55 टक्के निघाला. केबल, जोडण्या आणि शेल्फ यांचा, म्हणजे आपण जिला वाट म्हणतो तिचा, वाटा 27 ते 68 टक्के होता. अनेक यंत्रणांमध्ये डिस्कपेक्षा वाटच जास्त वेळा दगा देत होती. याच पाहणीत असेही दिसले की जिथे जोडण्या दुहेरी होत्या तिथे बिघाडांचे प्रमाण एकेरी जोडणीपेक्षा 30 ते 40 टक्क्यांनी कमी होते. दुहेरी वाट उपयोगी पडते, याचा इतका मोठा प्रत्यक्ष पुरावा सहसा मिळत नाही.

पण त्याच आकड्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. वाट दुप्पट केली आणि बिघाड 30 ते 40 टक्क्यांनीच घटले. यातला काही भाग उघड आहे : वाट दुहेरी केल्याने डिस्क स्वतः बिघडायची थांबत नाही. उरलेला भाग समजून घ्यायला साधे गणित पुरते. एखादी वाट ऐन गरजेच्या वेळी बंद असण्याची शक्यता शंभरात एक धरा. दोन वाटा एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकी उतरते. आता या दोन्ही वाटांमध्ये एखादी सामायिक वस्तू आहे असे समजा, आणि ती बिघडण्याची शक्यता अगदी कमी, हजारात एक आहे. एवढ्याने दोन्ही वाटा बंद होण्याची शक्यता दहा हजारांत एकावरून दहा हजारांत अकरा होते. जोखीम अकरापट वाढली, आणि ती त्या सामायिक वस्तूमुळे. मग कुणी म्हणेल, तिसरी वाट जोडू. वाटा स्वतंत्र असत्या तर तिसऱ्या वाटेने ही शक्यता दहा लाखांत एकवर आली असती. सामायिक वस्तू तशीच राहिली तर तिसरी वाट जोडूनही ती हजारात एकाच्या खाली येत नाही. तिसऱ्या केबलवर केलेला खर्च जवळपास वाया जातो. वाड्याला पुढे आणि मागे अशी दोन दारे आहेत, पण दोन्ही एकाच बोळात उघडतात. बोळात आग लागली तर तिसरे दार पाडून उपयोग काय?

ही सामायिक वस्तू नेहमी डोळ्यांसमोर नसते. कधी ती शेल्फमधला मिडप्लेन असतो, म्हणजे ज्या एका सर्किट बोर्डात सगळ्या डिस्क आणि दोन्ही मॉड्यूल खोचलेले असतात तो. कधी ती दोन्ही कंट्रोलरवर चालणारी फर्मवेअरची एकच आवृत्ती असते. हार्डवेअर दोन, पण दोहोंत दोष तोच. कधी ती दोन पोर्ट असलेले एकच कार्ड असते : कागदावर दोन वाटा, प्रत्यक्षात कार्ड जळले की दोन्ही गेल्या. आणि कधी ती भिंतीतल्या विजेच्या पॉइंटपर्यंत मागे जाते. 8 ऑगस्ट 2016 रोजी अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सच्या अटलांटातल्या डेटा सेंटरमध्ये विजेचा बिघाड झाला. पर्यायी वीज होती. पण सुमारे 7,000 उपकरणांपैकी 300च्या आसपास उपकरणे त्या पर्यायी विजेला नीट जोडलेलीच नव्हती, असे कंपनीच्या प्रमुखांनी नंतर सांगितले. तीन दिवसांत 2,000 हून अधिक विमाने रद्द झाली. पर्याय विकत घेतलेला होता. फक्त त्याची तार शेवटपर्यंत पोहोचलेली नव्हती.

आपल्या जवळचे उदाहरण तर याच विषयाच्या गाभ्यातले आहे. 24 फेब्रुवारी 2021 रोजी सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे, एनएसईचे, व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी 3 वाजून 45 मिनिटांनी, आणि त्या दिवशी बाजार संध्याकाळी 5 पर्यंत चालवावा लागला. एनएसईने पुढे मार्च महिन्यात कारणांचा खुलासा केला. मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांच्यामध्ये दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या. रिडंडन्सीसाठीच, म्हणजे एक वाट गेली तर दुसरी असावी म्हणूनच, दोन कंपन्या घेतलेल्या होत्या. पण दोन्हींच्या जोडण्या त्या दिवशी अस्थिर झाल्या, आणि त्याचे मुख्य कारण होते दोन केंद्रांमधल्या रस्त्यालगत चाललेले खोदकाम आणि बांधकाम. एवढ्यावर भागायला हवे होते, कारण पर्यायी केंद्राशी संपर्क तुटला तरी मुख्य केंद्राचे काम अडू नये, अशीच रचना अपेक्षित होती. पण स्टोरेज यंत्रणेचे वर्तन अनपेक्षित निघाले आणि मुख्य केंद्रातला साठा तिथल्याच सर्व्हरना पोहोचेनासा झाला. जोखमीवर लक्ष ठेवणारी प्रणाली बंद पडली, आणि ती बंद असताना सौदे चालू देणे सुरक्षित नव्हते.

या घटनेत दोन धडे आहेत. पहिला असा की करारपत्रावर दोन कंपन्यांची नावे वेगळी असली, तरी त्यांच्या केबलना जमीन एकच मिळू शकते. कंपन्या वेगळ्या म्हणून वाटा वेगळ्या, हे अनुमान फसवे आहे. हे फक्त रस्त्यापुरते नाही. 30 जानेवारी 2008 रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल काही तासांच्या अंतराने निकामी झाल्या आणि भारतातले इंटरनेट मंदावले. सी-मी-वी 4 आणि फ्लॅग या त्या दोन केबल. दोन्ही मुंबईला येतात, दोघींची मालकी वेगळी, पण भूमध्य समुद्रातली त्यांची वाट एकाच टापूतून जात होती. दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. वाट पूर्ण तुटली की पर्यायावर वळणे सोपे असते. वाट कधी चालते, कधी अडते, अशी झाली की वळायचे की थांबायचे, हे यंत्रणेला ठरवता येत नाही. 2018 मध्ये अनेक संशोधकांनी मिळून 12 संस्थांमधल्या अशा 101 घटना गोळा केल्या, ज्यांत हार्डवेअर मेले नव्हते, नुसते मंदावले होते. मेलेल्या भागापेक्षा हा अर्धवट जिवंत भाग शोधायला अधिक वेळ लागतो, आणि तोवर तो सगळ्या यंत्रणेला आपल्या गतीने चालायला लावतो. म्हणून दुसऱ्या वाटेची परीक्षा केबल ओढून घेतली तरी पुरी होत नाही. केबल ढिली करूनही ती घ्यावी लागते.

या मांडणीवर तीन आक्षेप येऊ शकतात, आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला आक्षेप असा की जादा वाटा म्हणजे जादा गुंतागुंत, आणि गुंतागुंत स्वतःच बिघाडाचे कारण होते. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो यांनी 1984 मधल्या आपल्या ‘नॉर्मल अ‍ॅक्सिडेंट्स’ या ग्रंथात हा मुद्दा अणुभट्ट्यांपासून विमानांपर्यंत मांडला आहे, आणि तो खोटा नाही. मल्टिपाथ प्रणालीतलीच एखादी चूक चांगल्या वाटाही बंद पाडू शकते. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष एकच वाट ठेवा असा होत नाही. वर सांगितलेली पाहणी दाखवते की सगळी गुंतागुंत धरूनही दुहेरी जोडण्यांचे पारडे जड ठरले. निष्कर्ष एवढाच निघतो की दोन वाटा साध्या, एकमेकींपासून अलग आणि माणसाला डोळ्यांनी तपासता येतील अशा असाव्यात. दोन फॅब्रिक एकमेकांना न जोडण्याचा नियम याच शहाणपणातून आला आहे. तो मोडून सोयीसाठी दोन्ही स्विच जोडले, की दोन वाटांची एक गुंतागुंतीची वाट तयार होते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. दोन स्विच, दोन कार्डे, दोन मॉड्यूल, दोन पोर्टच्या महागड्या डिस्क हे लहान नगरपालिकेला किंवा सहकारी बँकेला कसे परवडावे? याचे प्रामाणिक उत्तर असे की सगळीकडे परवडू नये आणि परवडायची गरजही नाही. जुन्या फायलींचा साठा दोन दिवस बंद राहिला तर कुणाचे अडत नाही. तिथे एक वाट पुरेशी आहे. अतिदक्षता विभागातल्या नोंदी किंवा पैशांचे व्यवहार दोन तासही बंद राहू शकत नाहीत. तिथे दुसऱ्या वाटेचा खर्च टाळणे ही बचत नव्हे. खरी उधळपट्टी वेगळीच असते : दोन वाटांचे पैसे मोजायचे आणि त्या एकाच पॉवर स्ट्रिपमध्ये खोचायच्या. शेल्फची साखळी उलटसुलट बांधायला, दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या फीडरवर टाकायला, दोन केबलना वेगळे रंग द्यायला जादा पैसे जवळपास लागत नाहीत. तिथे फक्त लक्ष घालावे लागते.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. आता सगळे क्लाउडमध्ये गेले. तिथे दोन पोर्टच्या डिस्क आणि दोन कंट्रोलर हा जुना खटाटोप कशाला? यात तथ्य आहे. गूगलने 2003 मध्ये आपल्या फाइल सिस्टिमची रचना प्रसिद्ध केली. तिथे साध्या, स्वस्त यंत्रांवर प्रत्येक माहितीच्या मुळात तीन प्रती ठेवल्या जात. एका यंत्राची वाट गेली तर दुसऱ्या यंत्रावरची प्रत वाचायची. डिस्कला दुसरा पोर्ट देण्याची गरज संपली. पण त्याच रचनेत या प्रती वेगवेगळ्या रॅकमध्ये पसरवण्याची काळजी घेतलेली होती, कारण एका रॅकचा स्विच किंवा वीज गेली की त्यातली सगळी यंत्रे एकदम नाहीशी होतात. म्हणजे प्रश्न संपला नाही, तो एक मजला वर सरकला. शेल्फऐवजी रॅक आले, कंट्रोलरऐवजी अख्खे डेटा सेंटर आले. सामायिक काय, हा प्रश्न तोच राहिला. आणि क्लाउड दुसऱ्याचे असल्यामुळे तो विचारण्याची गरज कमी झाली नाही, उलट वाढली, कारण आता ती वाट आपल्याला दिसतही नाही.

एका गोष्टीकडे मात्र हार्डवेअरच्या चर्चेत हमखास दुर्लक्ष होते, ती म्हणजे माणसाचा हात. टॅन्डममध्येच काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी 1985 मध्ये तिथल्या यंत्रणांच्या बिघाडांचा अभ्यास केला. ज्या संगणकाची सगळी कीर्ती दुहेरी हार्डवेअरवर उभी होती, तिथे हार्डवेअरमुळे झालेले बिघाड होते फक्त 18 टक्के. 42 टक्के बिघाड चालवणे, मांडणी करणे आणि देखभाल करणे या माणसांच्या कामातून आले होते. यावरून माणसे निष्काळजी असतात असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. दुहेरी यंत्रणेचा एक स्वभाव आहे : पहिली वाट बंद पडली तरी कुणाला त्रास होत नाही, म्हणून ती बंद पडल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. महिनोन्महिने काम उरलेल्या एका वाटेवर चालते आणि कागदावर मात्र दोन वाटा असतात. मग देखभालीसाठी आलेला तंत्रज्ञ, नियमाप्रमाणे, दुसरी वाट चालू आहे असे धरून जिवंत असलेली एकमेव केबल काढतो. दोष त्याच्या हाताचा नसतो. आधीचा बिघाड ज्यांनी बघायला हवा होता आणि बघितला नाही, त्यांचा असतो.

म्हणून माझे म्हणणे शेवटी खरेदी करणाऱ्या समित्यांना, संस्थांच्या विश्वस्तांना आणि लेखापरीक्षकांना उद्देशून आहे. निविदेत वाटा किती, हा प्रश्न विचारून थांबू नका. डिस्कपासून वापरणाऱ्यापर्यंत दोन्ही वाटांचा नकाशा मागा. त्यात वीज, शेल्फ, कार्ड, फर्मवेअर, रस्त्याखालची केबल यांतले काय काय दोघींना सामायिक आहे, ते लेखी घ्या. ते शून्य कधीच नसेल. पण ते माहीत असणे आणि माहीत नसणे यांत मोठे अंतर आहे. एक वाट बंद पडली की ते कुणाला, किती वेळात कळते, हे विचारा. आणि ठरलेल्या दिवशी, सगळ्यांना सांगून, चालू यंत्रणेतली एक केबल प्रत्यक्ष काढायला लावा. ही चाचणी घेताना भीती वाटत असेल, तर दुसऱ्या वाटेवर आपला विश्वास नाही हे त्या भीतीनेच सिद्ध केले आहे, आणि ते बिघाडाच्या दिवशी कळण्यापेक्षा चाचणीच्या दिवशी कळलेले बरे. ज्यांच्या नोंदी आपण सांभाळतो त्या लोकांना केबलविषयी काही माहीत नसते, असायची गरजही नाही. त्यांच्या वतीने हे प्रश्न विचारणे हे आपले काम आहे, आणि ते न विचारता ‘रिडंडंट’ या शब्दावर सही करणे म्हणजे त्यांच्या विश्वासाशी केलेली हयगय आहे.